अठ्ठावीस अंशांतली हुडहुडी

बॅगा भरताना आम्ही स्वेटर पुन्हा कपाटात ठेवून दिले. मालदीव म्हणजे विषुववृत्ताला खेटलेला देश. डिसेंबरातही हवा ३० अंशांच्या आसपास आणि समुद्राचे पाणी २८. तिथे कसली आली थंडी? घरी दादींना काळजी होती ती वेगळीच. "पाण्याखाली जाताना पोरगी अंगात काय घालणार?" एवढेच त्यांनी विचारले.

"दादी, मनगटापासून घोट्यापर्यंत सगळे झाकणारा सूट मिळतो."

"पण तो अंगाला चिकटून बसतो ना?"

"सैल बघून घेऊ," आम्ही म्हणालो. हे 'सैल बघून घेऊ' कसे अंगाशी येणार आहे, ते तिसऱ्या दिवशी कळले.

नकाशात पाहिले तर माले मुंबईच्या जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला आहे. विमानाने साधारण तीन तास लागतात, तरी उतरल्यावर घड्याळ अर्धा तास मागे करावे लागते. भारतीयांना व्हिसा विमानतळावरच आणि मोफत मिळतो. मालेत आमच्या हातात अर्धाच दिवस होता. तो आम्ही हुकुरु मिस्कीय, म्हणजे तिथल्या जुन्या जुमा मशिदीसाठी ठेवला. ही १६५८ सालची इमारत आहे. समुद्रातले प्रवाळ दगडासारखे तासून तिच्या भिंती रचल्या आहेत आणि त्यांवर नाजूक कोरीव काम आहे. ज्या प्रवाळावर दुसऱ्या दिवसापासून आम्ही पोहणार होतो, त्यालाच हात लावून आम्ही जोहरची नमाज अदा केली. याच देशात १३४३ साली इब्न बतूता आला आणि इथला काझी झाला. इथल्या बायकांनी अंग नीट झाकावे म्हणून त्याने बरेच प्रयत्न केले, पण त्याचे फारसे कोणी ऐकले नाही, असे त्याने स्वतःच आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. दादींनी अर्थातच काझीसाहेबांची बाजू घेतली असती.

मालेहून माफुशी बेटावर स्पीडबोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. १९७२ साली पहिले रिसॉर्ट निघाले, तेव्हापासून कित्येक वर्षे परदेशी पाहुणे फक्त रिसॉर्टच्या बेटांवर राहत. लोकवस्तीच्या बेटांवर छोटी गेस्टहाऊस निघाली ती २०१० च्या आसपास. त्यामुळे आपल्यासारख्या घरांना हा देश थोडाफार आवाक्यात आला. शिवाय मुस्लिम कुटुंबाला इथे मोकळे वाटते. गल्लीच्या टोकाला मशीद आहे, दारू विकायला बंदी आहे, आणि खाताना हे हलाल आहे का म्हणून विचारावे लागत नाही. परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी बेटाच्या एका बाजूला वेगळा किनारा आडोसा करून ठेवला आहे, बाकी बेटावर अंगभर कपडे घालायचे. इथले लोक शाफई, आमचे कोकणातले घरही शाफई, त्यामुळे फजरला इमामसाहेबांनी कुनूत पढली तेव्हा परक्या देशात असल्यासारखे वाटलेच नाही.

आम्ही दोघे आणि १६ वर्षांची थोरली, असे तिघे डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स करणार होतो. धाकट्याला उथळ पाण्यातच मासे बघायचे होते. पाण्याखाली जाण्याचा अनुभव म्हणजे तारकर्लीचा. तिथे सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थोड्या खोलीवर दहा-पंधरा मिनिटे, तेही माणसाने मागून धरलेले. तेव्हा अर्ध्या बाह्यांच्या सुटातही कुणाला थंडी वाजली नव्हती. त्या दहा-पंधरा मिनिटांच्या जोरावर आम्ही स्वतःला जाणकार समजत होतो.

डायव्हिंगच्या दुकानात मागच्या खोलीत काळ्या सुटांची रांग टांगलेली होती. काउंटरवरच्या मुलाने आम्हाला अंदाजे बघितले आणि प्रत्येकाला ३ मिलिमीटर जाडीचा सूट काढून दिला. "वॉर्म वॉटर, नो प्रॉब्लेम." थोरलीने तो घातला आणि आरशात पाहून संकोचली. तेव्हा आम्हीच दोन नंबर मोठा मागून घेतला. पाठीवर पोकळ, कमरेला सुरकुत्या, मान तर इतकी सैल की दोन बोटे सहज जावीत. तिला बरे वाटले, आम्हालाही बरे वाटले. दुकानातला मुलगा काही बोलला नाही. आमच्या मते त्याने बोलायला हवे होते, पण चूक आमचीच.

पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन डाइव्ह होते, मध्ये तासाभराची विश्रांती. इरुवै, म्हणजे ईशान्येचा मोसमी वारा, नुकताच सुरू झाला होता. ढोणीच्या उघड्या फळीवर ओल्या सुटात बसलो तर वारा अंगातून जात होता. थोरली गप्प होती. दुसऱ्या डाइव्हला १६ मीटरवर गेल्यावर तिचे डोळे मुखवट्याआड मोठे झालेले दिसले. श्वास भराभर चालला होता. आमच्या टाक्यांत ११० बार हवा शिल्लक असताना तिचा काटा ७० वर आला होता. पाठीवरच्या जाकिटाचे बक्कल तिला बोटांनी दाबता येईना. प्रशिक्षक बाईंनी अंगठा वर करून डाइव्ह थांबवला आणि आम्ही सगळे सावकाश वर आलो.

ढोणीवर आल्यावर आम्ही तिला समजवायला लागलो. घाबरू नकोस, अल्लाहचे नाव घे, उद्या भीती जाईल. ती काहीच बोलली नाही, फक्त दातावर दात वाजत होते. मग रडत म्हणाली, "मी घाबरले नाही. मला थंडी वाजतेय." आमचा विश्वास बसला नाही. २८ अंशांत थंडी? पुण्यात एवढे तापमान झाले की लोक पंखे लावतात! संध्याकाळी तिने जाहीर केले की उरलेला एक डाइव्ह ती करणार नाही. सर्टिफिकेट नको, काही नको. आपली मुलगी धीराची नाही असे आम्ही मनात ठरवून बसलो होतो. त्या संध्याकाळची आठवण झाली की अजून ओशाळल्यासारखे होते.

गाडी रुळावर आणली ती प्रशिक्षक बाईंनी. त्या मालदीवच्याच, डोक्याला कायम स्कार्फ. दिवेही भाषेत मोठ्या बहिणीला 'दत्ता' म्हणतात, आणि सगळे बेट त्यांना दत्ता म्हणून हाक मारते. आमच्या धाकट्याला दोन दिवस वाटत होते की या बाईंचे नाव आपल्या वर्गातल्या दत्तासारखे कसे. तर दत्तांनी थोरलीचा ओला सूट उचलला, मान पकडून ताणली आणि आम्हाला विचारले, "हा तिला कोणी दिला?"

मग रात्रीच्या जेवणापर्यंत त्या बोलत बसल्या. हवेतले २८ आणि पाण्यातले २८ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाणी शरीराची ऊब हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. स्वस्थ बसलेल्या उघड्या माणसाला पाण्यात थंडी वाजू नये असे वाटत असेल, तर पाणी ३३-३४ अंशांचे तरी हवे. तेवढा गरम समुद्र मालदीवमध्ये नसतो. इथे वर्षभर २७ ते ३० अंश. म्हणजे पाण्यात पाऊल टाकल्यापासून आपण ऊब गमावत असतो, प्रश्न फक्त किती वेगाने एवढाच. दहा मिनिटांत ते जाणवत नाही. ५० मिनिटांत जाणवते. आणि दुसऱ्या डाइव्हला आपण पहिल्याची तूट अंगावर घेऊनच उतरतो, कारण मधल्या तासात वाऱ्याने ओला सूट वाळतो तो आपल्याच अंगाची ऊब खर्चून. शिवाय टाकीतली हवा कोरडी आणि गार असते, प्रत्येक श्वासात ती गरम आणि ओलसर करायला शरीराला ऊब मोजावी लागते.

सुटाचे कापड निओप्रीन नावाचे रबर असते, त्यात वायूचे असंख्य बंद बुडबुडे असतात. खरी ऊब हे बुडबुडे राखतात. आत थोडे पाणी शिरतेच, त्याला शिरू द्यायचे. ते अंगाने एकदा तापले की तसेच राहिले पाहिजे. सूट पाणी रोखण्यासाठी नाही, पाणी बदलू न देण्यासाठी आहे. ओले झाले तरी चालते, ऊब बुडबुड्यांत टिकते, ही कल्पना कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने १९५२ च्या सुमारास मांडली आणि त्यातून आजचा वेटसूट आला. आता सूट सैल असेल तर काय होणार? प्रत्येक हालचालीबरोबर तापलेले पाणी मानेतून बाहेर आणि गार पाणी आत. आमच्या थोरलीने ४० मिनिटे २८ अंशांच्या पाण्याने अखंड अंघोळ केली होती. सूट अंगावर असून नसल्यासारखा.

त्यात खोलीची भर. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, २० मीटरवर तिप्पट. निओप्रीनमधले बुडबुडे दाबले जातात आणि सूट पातळ होतो. म्हणजे वर ३ मिलिमीटरचा असलेला सूट खाली गेल्यावर ३ चा राहतच नाही, आणि नेमके तिथेच पाणी जास्त गार असू शकते. आम्ही दोघे का वाचलो? दत्तांनी हसून आमच्याकडे पाहिले. अल्लाहच्या कृपेने आमच्या अंगावर वीस वर्षांच्या बिर्याणीची शिल्लक आहे. थोरली काडीसारखी. बारीक माणसाचे अंग वजनाच्या मानाने पसरलेले असते, ऊब लवकर जाते. म्हणून समुद्राचे तापमान विचारून सूट ठरवायचा नसतो. कोण उतरणार, किती वेळ, दिवसात कितीदा आणि बोटीवर वारा किती, हे आधी विचारायचे. त्यांचे काही गिऱ्हाईक इथेच नुसत्या अर्ध्या सुटात खूश असतात, आणि त्या स्वतः, याच समुद्रात वाढलेल्या, बाराही महिने ५ मिलिमीटर वापरतात, कारण त्यांना रोज उतरायचे असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तांनी थोरलीसाठी बायकांच्या मापाचा ५ मिलिमीटरचा पूर्ण सूट काढला. बायकांचे माप हा मुद्दा आम्हाला ठाऊकच नव्हता. पुरुषांचा लहान नंबर बाईला दिला की छातीशी आवळतो आणि कमरेशी पोकळ राहतो, आणि पाणी तिथेच साठते. माप कसे पाहायचे तेही त्यांनी करून दाखवले. सूट कोरडा असताना थोडा जास्तच घट्ट वाटला पाहिजे, पाण्यात तो सैलावतो. कमरेच्या खळग्यात हात घालून पाहायचा, तिथे पोकळी नको. काखेत आणि मांड्यांच्या मध्ये कापड लोंबायला नको. हात डोक्यावर नेऊन, उकिडवे बसून पाहायचे. मनगट आणि घोट्याला फट नको. मान अंगाला लागली पाहिजे, पण आवंढा गिळताना अडकायला नको. शेवटी छाती भरून श्वास घ्यायचा, तो पूर्ण घेता आला नाही तर सूट फार लहान. पायावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घातला की तो सर्रकन आत जातो, ही युक्ती धाकट्याला इतकी आवडली की त्याने स्वतःच्या बुटांवरही ती करून पाहिली.

आता दादींचा प्रश्न. सूट घट्टच हवा हे पटले, पण मुलीचा संकोचही खरा होता आणि तो आम्हाला मोडायचा नव्हता. सुटावर लांब सैल कुर्ता घालून पाण्यात जावे, असे आम्ही सुचवले. दत्तांनी नाही म्हटले. प्रवाहात सैल कापड फडफडते, ओढ लागते, नळ्या आणि बकलांत अडकू शकते. त्यांची स्वतःची पद्धत वेगळी होती. आत पूर्ण बाह्यांचा पातळ लायक्राचा सूट. त्याने ऊब मिळत नाही, पण निओप्रीन चटकन चढतो आणि भाड्याच्या सुटाचा थेट स्पर्शही होत नाही. त्यावर सूट, आणि ढोणीवर असेपर्यंत वरून गुडघ्यापर्यंतचा सैल झगा. झगा काढायचा तो पाण्यात उडी मारायच्या आधी, पाठीवर टाकी आणि धडावर हवेचे जाकीट चढवायच्या वेळी. जाकीट, पट्टे आणि टाकी यांत धड तसेही झाकले जाते. वर आल्यावर शिडीपाशी झगा तयार. बोटीवरच्या जागाही त्यांनी अशा लावल्या की थोरली आणि तिची अम्मी त्यांच्यासोबत पुढच्या बाजूला बसतील. पाण्याखाली थोरलीच्या जोडीला त्या स्वतः राहिल्या.

डोक्यासाठी त्यांनी टोपी जोडलेले बनियन दिले, २ मिलिमीटर निओप्रीनचे. सुटाच्या आत घालायचे. छाती, मान आणि डोके यांना त्याने चांगली ऊब मिळते, केस झाकले जातात ते वेगळेच. फक्त टोपीची कड मुखवट्याच्या रबराखाली येऊ द्यायची नाही, नाहीतर पाणी झिरपत राहते. पोहण्याचा हिजाब घालणाऱ्या मुलींनीही हेच लक्षात ठेवायला हवे. कपाळावर रबर थेट कातडीला लागले पाहिजे.

जाड सुटाची किंमत शिशात मोजावी लागते. बुडबुडे जास्त म्हणून माणूस जास्त तरंगतो. थोरलीच्या पट्ट्यात दोन किलो शिसे वाढवावे लागले, आणि खोल गेल्यावर बुडबुडे दबले की तेच वजन खाली ओढते, म्हणून जाकिटात थोडी हवा भरावी लागते. नवशिक्याला हे एक वाढीव काम. म्हणूनच 'जाड तेवढा चांगला' असेही नाही. आमच्यासारख्यांना ५ मिलिमीटर दिला असता तर ढोणीवरच घामाघूम झालो असतो. आम्ही ३ चाच ठेवला, फक्त एक नंबर कमी करून.

पाकीचा मुद्दाही सांगायला हवा, कारण तो कोणी उघड बोलत नाही. पाण्यात आणि विशेषतः थंडीत लघवीची भावना वाढते, आणि सुटात लघवी करणारे पुष्कळ असतात. भाड्याचा सूट कोणाच्या अंगावरून आला आहे ते आपल्याला कळत नाही. आम्ही रोज सूट घेतल्याबरोबर गोड्या पाण्याने उलटा करून तीन वेळा धुतला. दुकानातल्या लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही, उलट त्यांनी नळ दाखवला. वुजू सूट उतरवल्यावरच होऊ शकते, म्हणून सकाळी लवकर निघायचे आणि सव्वाबाराच्या अजानपर्यंत बेटावर परतायचे, असे आधीच सांगून ठेवले होते.

चौथ्या दिवशीचा डाइव्ह बेटाच्या पूर्वेकडच्या एका खिंडीजवळ होता. या मोसमात खुल्या समुद्राचे स्वच्छ पाणी पूर्वेच्या खिंडींतून आत येते. दत्तांनी थोरलीला आधी एक खूण शिकवली. दोन्ही हात छातीवर घेऊन दंड चोळायचे, म्हणजे 'मला थंडी वाजतेय'. ही खूण आम्हाला कोर्सच्या पहिल्याच दिवशी शिकवली होती म्हणे. आम्ही तिघेही विसरलो होतो. विसरलो असेही नाही, गरज पडेल असे वाटलेच नव्हते.

१५ मीटरवर एक राखाडी रीफ शार्क आमच्या बाजूने निघून गेला, घाई नसल्यासारखा. प्रवाळाच्या कपारीत मोरे ईल तोंड उघडून बसली होती. आम्ही मात्र शार्कपेक्षा थोरलीच्या हातांकडे जास्त बघत होतो. हात दंडांवर गेले नाहीत. वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे असते. तिथे तिने आपला काटा आमच्यासमोर धरला. ९० बार. आमचा ८०. पाण्याखाली हसता येत नाही, मुखवट्यात पाणी शिरते. आमच्या मुखवट्यात शिरले.

ढोणीवर तिने सूट लगेच कमरेपर्यंत उतरवला, अंग पुसले, आत कोरडा कुर्ता आणि वर वारा अडवणारे जाकीट चढवले. ओल्या सुटात तासभर बसायचे नाही, हे आता तिला सांगावे लागले नाही. खलाशाने सगळ्यांना कळु साई दिला. कळु म्हणजे काळा, साई म्हणजे चहा. दिवेही भाषा आपल्या मराठीची लांबची नातेवाईक आहे, हे असे अधूनमधून कानावर येते. दुपारी गेस्टहाऊसवर गरुधिया होती, म्हणजे टुनाचा पातळ सार, वर लिंबू आणि मिरची, भातावर ओतून. थोरलीने दोनदा मागून घेतला.

परतल्यावर तिच्यासाठी सूट विकत घ्यायचे ठरले, पुढे लक्षद्वीपला जायचा विचार आहे म्हणून. मुंबईत तीन दुकाने फिरलो. पहिल्या दुकानातला सूट सर्फिंगचा निघाला. त्याचे निओप्रीन मऊ असते, घालायला छान, पण खोलीवर लवकर दबते. दुसऱ्यात बायकांचे माप नव्हते. तिसऱ्यात मिळाला, आणि थोरलीने दुकानातच उकिडवे बसून, हात वर करून, छाती भरून श्वास घेऊन पाहिला. विक्रेता बघतच राहिला.

घरी तो धुऊन मागच्या पडवीत सावलीत टांगला, उन्हाने रबर खराब होते म्हणून. दादींनी येऊन हात लावून पाहिला. बाही ताणली, आतून पाहिले, मानेची कड चाचपली. थोरलीने वरून घालायचा झगाही दाखवला. तो त्यांनी उलटसुलट करून पाहिला, शिवण तपासली आणि म्हणाल्या, "याची बाही दोन बोटे आखूड आहे. दे इकडे, मी पट्टी लावून देते."